पडताळणी कागदांची, मोकळीक मालकांची

अमेरिकेत नोकरीवर घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची रोजगार-पात्रता, म्हणजे त्या देशात कायदेशीरपणे काम करण्याचा तिचा हक्क, 'ई-व्हेरिफाय' या सरकारी संगणकप्रणालीतून तपासून घेणे सर्व मालकांवर बंधनकारक करावे, अशी मागणी तेथील राजकारणात गेली दोन दशके सातत्याने होत आली आहे. तिच्या समर्थनार्थ केला जाणारा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. प्रणाली विनामूल्य आहे, तिचे उत्तर बहुधा काही सेकंदांत मिळते, बहुसंख्य प्रकरणांत ते कामगाराच्या बाजूचेच असते. तेव्हा तिला विरोध करणाऱ्या मालकापाशी काहीतरी लपवण्यासारखे असलेच पाहिजे, असे सांगितले जाते. यांपैकी पहिली तीन विधाने खरी आहेत. चौथे त्यांतून निष्पन्न होत नाही, आणि प्रणाली वापरणारा मालक तो कायदा पाळणारा मालक, हे त्यामागचे गृहीतक तर प्रणालीच्या स्वतःच्या इतिहासानेच खोटे ठरवले आहे.

हे गृहीतक कोठे फसते ते समजण्यासाठी मूळ कायद्याची घडण पाहावी लागते. १९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्याने अनधिकृत परदेशी व्यक्तीला आसरा देणे हा गुन्हा ठरवला, परंतु तिला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, असा खुलासाही त्याच कायद्यात घालून ठेवला. दक्षिणेकडील शेतमालकांच्या सोयीसाठी आलेली ही सवलत 'टेक्सास प्रोव्हायझो', म्हणजे टेक्सासचे परंतुक, या नावाने ओळखली जाते. हे परंतुक ३४ वर्षे टिकले. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ६ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वाक्षरी केलेल्या सुधारणा कायद्याने एकीकडे सुमारे २७ लाख रहिवाशांना कायदेशीर दर्जा मिळवून दिला आणि दुसरीकडे अनधिकृत कामगाराला जाणूनबुजून नोकरी देणे प्रथमच दंडनीय ठरवले. पहिल्या गुन्ह्याला प्रत्येक कामगारामागे २५० ते २,००० डॉलर इतका मूळ दंड होता, आणि असे वर्तन नेहमीचेच असल्याचे सिद्ध झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. परंतु मालकाला खरी स्थिती ठाऊक होती हे दाखवून देण्याचा भार सरकारवर राहिला, आणि ठाऊक नव्हती असे म्हणण्याची वाट मात्र 'आय-नाइन' या नमुन्याने मालकाला प्रशस्त करून दिली. या नमुन्याचा पहिला भाग कामगाराने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा असतो, तर मालकाने तीन कामकाजाच्या दिवसांत त्याचे ओळखीचे व परवानगीचे दस्तऐवज पाहून दुसरा भाग पुरा करायचा असतो. दस्तऐवज सकृद्दर्शनी अस्सल वाटत असतील तर ते स्वीकारणे हे त्याचे कर्तव्य आहे.

कर्तव्य हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. त्याच १९८६ च्या कायद्याने राष्ट्रीय मूळ किंवा नागरिकत्व पाहून भेदभाव करण्यास मनाई केली, आणि कोणते दस्तऐवज दाखवायचे याची निवड मान्य यादीतून कामगाराने करायची असल्यामुळे एखाद्याचा वर्ण, नाव वा उच्चार पाहून त्याच्याकडे अधिकचा कागद मागणे हाही कायद्याचा भंग ठरला. म्हणजे मालकाने कमी तपासले तर एक विभाग त्याच्यामागे लागतो आणि जास्त तपासले तर दुसरा. या पेचाची तक्रार मालकवर्ग नेहमी करतो आणि ती अगदीच निराधार नाही; तथापि, पेचातून सुटण्यासाठी त्याला जे साधन मिळाले त्याचे मोल पुढे कामगारांनीच चुकते केले.

ते साधन म्हणजे १९९६ च्या कायद्याने आखलेला आणि १९९७ मध्ये कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, इलिनॉय, न्यूयॉर्क व टेक्सास या पाच राज्यांत सुरू झालेला 'बेसिक पायलट' हा ऐच्छिक उपक्रम, ज्याला २००७ मध्ये 'ई-व्हेरिफाय' हे नाव मिळाले. आय-नाइनमधील तपशील मालकाने प्रणालीत भरला की तो सोशल सिक्युरिटी प्रशासनाच्या आणि होमलँड सिक्युरिटी विभागाच्या नोंदींशी ताडून पाहिला जातो. जुळला तर काम करण्यास मुभा असल्याचा निर्वाळा मिळतो. न जुळल्यास 'तात्पुरती अपुष्टी' येते, म्हणजे नोंदीत विसंगती आढळली असून कामगाराने आठ सरकारी कामकाजाच्या दिवसांत संबंधित कार्यालयाशी संपर्क साधून ती दूर करण्याची सुरुवात करावी, अशी सूचना मिळते. आणि तेही न झाल्यास 'अंतिम अपुष्टी' येऊन नोकरी जाते. संघराज्य सरकारच्या बहुतेक कंत्राटदारांना सप्टेंबर २००९ पासून ही प्रणाली सक्तीची आहे. ॲरिझोनाने जानेवारी २००८ पासून ती सर्व मालकांवर लादली, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी तो कायदा वैध ठरवला, आणि त्या वाटेने गेलेल्या राज्यांत फ्लोरिडाची भर २०२३ मध्ये पडली, जेथे २५ किंवा अधिक नोकर असलेल्या खासगी मालकांना ती बंधनकारक आहे.

आता या ताडणीत नेमके काय ताडले जाते हे पाहावे. नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक एकमेकांशी व सरकारी नोंदीशी जुळतात की नाही, एवढेच ही प्रणाली सांगू शकते. समोर उभा असलेला माणूस तोच आहे की नाही हे तिला कळत नाही. बनावट क्रमांक ती पकडते, परंतु दुसऱ्याचा खरा क्रमांक आणि खरे नाव घेऊन आलेल्या माणसाला ती सन्मानाने आत सोडते. सरकारनेच नेमलेल्या वेस्टॅट या संशोधनसंस्थेने २००९ मध्ये दिलेल्या मूल्यमापनात प्रणालीतून गेलेल्या अनधिकृत कामगारांपैकी सुमारे ५४ टक्क्यांना काम करण्यास मुभा असल्याचा चुकीचा निर्वाळा मिळाल्याचा अंदाज आहे. ज्या वर्गाला अडवण्यासाठी यंत्रणा उभारली त्या वर्गातील निम्म्याहून अधिक लोक तिच्यातून पार होत असतील, तर एकूण निकालांपैकी बहुतेक अचूक असतात या आकड्याने समाधान मानणे म्हणजे प्रामाणिक प्रवाशांची संख्या दाखवून तिकीट-तपासनिसाच्या कर्तबगारीची ग्वाही देण्यासारखे आहे. प्रणालीत पुढे छायाचित्र ताडण्याची सोय आली हे समर्थक आवर्जून सांगतात. ती सोय पारपत्र, ग्रीन कार्ड आणि सरकारने दिलेला कामाचा परवाना अशा मोजक्या दस्तऐवजांपुरती आहे. वाहन चालवण्याचा परवाना आणि सोशल सिक्युरिटी कार्ड ही जोडी दाखवणाऱ्याला ती लागू होत नाही, आणि कोणती जोडी दाखवायची हे ठरवणारा कामगारच असतो.

या दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण स्विफ्ट अँड कंपनी या मांस-प्रक्रिया कंपनीचे आहे. बेसिक पायलट सुरू झाला त्या १९९७ पासूनच ही कंपनी त्यात सहभागी होती. परदेशी भासणाऱ्या उमेदवारांची कागदपत्रे ती गरजेपेक्षा अधिक कसून तपासते, असा आरोप ठेवून २००१ मध्ये न्याय विभागाने तिच्याविरुद्ध कारवाई सुरू केली, आणि पुढच्या वर्षी सुमारे दोन लाख डॉलर भरून तिने प्रकरण मिटवले. यानंतर तिने प्रणालीच्या उत्तरापलीकडे फारसे पाहिले नसेल तर नवल नाही. १२ डिसेंबर २००६ रोजी स्थलांतर-अंमलबजावणी अधिकाऱ्यांनी नेब्रास्कातील ग्रँड आयलंड, कोलोरॅडोतील ग्रीली, आयोवातील मार्शलटाऊन अशा सहा ठिकाणच्या तिच्या कारखान्यांवर एकाच दिवशी छापे घातले आणि सुमारे १,३०० कामगारांना ताब्यात घेतले. कंपनीवर गुन्हा दाखल झाला नाही. प्रणाली वापरल्याचा पुरावा तिच्या हाती होता, आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर गाड्यांत बसवल्या गेलेल्यांपैकी अनेकांच्या नावावर त्याच प्रणालीचा निर्वाळाही होता.

हा सारा जुन्या काळातला कच्चेपणा होता, असे उत्तर यावर दिले जाते. ते मान्य करायचे तर नंतरच्या घटनांचा खुलासा करावा लागेल. मिसिसिपीने २००८ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने सर्व मालकांना ई-व्हेरिफाय बंधनकारक केले होते. त्याच राज्यातील कोंबडी-प्रक्रिया कारखान्यांवर ऑगस्ट २०१९ मध्ये पडलेल्या छाप्यांत ६८० कामगार पकडले गेले. जून २०२५ मध्ये ओमाहा येथील ग्लेन व्हॅली फूड्स या मांस कारखान्यावर छापा पडला तेव्हा सत्तरहून अधिक लोक ताब्यात घेतले गेले, आणि आपण प्रत्येकाला ई-व्हेरिफायमधून तपासून घेतले होते हे मालकाने उघडपणे सांगितले. पुढच्याच महिन्यात मेन राज्यातील ओल्ड ऑर्चर्ड बीच या गावच्या पोलीस खात्यातील एका राखीव अधिकाऱ्याला स्थलांतर-अंमलबजावणी खात्याने अटक केली. नेमणुकीपूर्वी ई-व्हेरिफायने अनुकूल उत्तर दिल्याचे गावच्या पोलिसांनी दाखवून दिल्यावर, ती प्रणाली चालवणाऱ्या होमलँड सिक्युरिटी विभागानेच ई-व्हेरिफायवर बेफिकिरीने विसंबल्याचा ठपका त्या पोलीस खात्यावर ठेवला. ज्या विभागाला आपल्याच यंत्राचे उत्तर पुरेसे वाटत नाही, त्याने ते यंत्र देशातील प्रत्येक मालकाच्या हाती सक्तीने द्यावे आणि त्याला कायद्याचे पालन म्हणावे, हे तर्काला धरून नाही.

असे असूनही अनेक मोठ्या मालकांना ही प्रणाली हवीशी वाटते, आणि तिला विरोध करणारा तो चोर, या युक्तिवादाचा खरा पराभव येथेच होतो. प्रणालीत सहभागी झालेल्या आणि तिच्याकडून अनुकूल उत्तर मिळालेल्या मालकाने जाणूनबुजून अनधिकृत कामगार ठेवलेला नाही, असे कायदा गृहीत धरतो. हे गृहीतक विरुद्ध पुराव्याने खोडून काढता येते, पण तो पुरावा सरकारने आणायचा असतो. ऑगस्ट २०२३ पासून प्रणालीत नियमितपणे सहभागी असलेल्या मालकांना कामगाराचे दस्तऐवज प्रत्यक्ष हातात न घेता थेट दृकश्राव्य संवादातून तपासण्याची अधिकची सवलतही मिळाली आहे. ज्याला खरोखर काही लपवायचे आहे अशा मालकासाठी याहून सोयीचे कवच कल्पिता येणार नाही, कारण न जाणण्याची सोय आता सरकारी शिक्क्यासह मिळते. आणि ज्याला तेवढीही तसदी नको, त्याच्यासाठी कंत्राटाचा मार्ग मोकळाच आहे: स्वतंत्र कंत्राटदाराचा आय-नाइन नमुना भरून घेण्याचे बंधन मुळात नसल्यामुळे इमारतीचे रंगकाम करणारा, फळे तोडणारा किंवा रात्री कार्यालय झाडणारा माणूस दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर दाखवला की मूळ मालकाच्या पटावर तो उरतच नाही.

ॲरिझोनाच्या अनुभवात हे स्पष्ट दिसले. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक धोरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथील कायद्यामुळे नागरिक नसलेल्या हिस्पॅनिक लोकसंख्येत सुमारे ९२ हजारांची, म्हणजे १७ टक्क्यांची घट झाली. सक्तीचे समर्थक हा आकडा विजयाचा म्हणून मिरवतात आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष असा आहे की जे मागे राहिले त्यांपैकी अनेक जण पगारी नोकरीतून निसटून स्वयंरोजगार म्हणवल्या जाणाऱ्या अनौपचारिक कामाकडे ढकलले गेले, जेथे किमान वेतन, अपघात-विमा आणि कामाचे तास यांवर कोणाचीच नजर नसते. मालकाचा व्यवसाय-परवाना निलंबित वा रद्द करण्याची ॲरिझोनाची शिक्षा कागदावर फारच कडक होती, पण ती प्रत्यक्षात झाल्याची प्रकरणे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

अनधिकृत कामगाराला नोकरी देण्याचे प्रलोभन मालकाला कोठून येते, हा प्रश्न सक्तीच्या समर्थनात क्वचितच विचारला जातो. ते येते त्या कामगाराच्या असहायतेतून, आणि ही असहायता सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हॉफमन प्लास्टिक कंपाउंड्सच्या निकालाने अधिक पक्की केली. संघटना बांधण्याच्या प्रयत्नामुळे बेकायदेशीरपणे काढून टाकलेला कामगार अनधिकृत असेल तर त्याला बुडालेल्या वेतनाची भरपाई मागता येणार नाही, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी दिला गेला. याचा व्यवहारातला अर्थ असा की कामगार-कायदा मोडण्याची किंमत अनधिकृत कामगाराच्या बाबतीत इतरांपेक्षा कमी पडते, आणि जो माणूस स्वस्तात नाडता येतो त्याला मागणी असणारच. ई-व्हेरिफाय या किमतीत पैशाचाही फरक करत नाही. उलट तात्पुरत्या अपुष्टीची नोटीस हाती असलेला कामगार तक्रार करण्यास आणखी कचरतो.

उरतो चुकांचा प्रश्न, आणि येथे समर्थकांची बाजू सर्वांत सबळ आहे असे मानले जाते. अधिकृत कामगारांना चुकीने तात्पुरती अपुष्टी येण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे आणि ते वर्षागणिक घटत गेले आहे, हे खरे. परंतु टक्केवारी लहान असली तरी ती सर्वांवर सारखी पडत नाही. वेस्टॅटच्या त्याच मूल्यमापनात परदेशात जन्मलेल्या अधिकृत कामगारांच्या बाबतीत हे प्रमाण २.६ टक्के, तर अमेरिकेत जन्मलेल्यांच्या बाबतीत ०.१ टक्का आढळले. कारणे साधी आहेत: नागरिकत्व मिळाल्याची नोंद सोशल सिक्युरिटीपर्यंत न पोहोचणे, लग्नानंतर बदललेले आडनाव, आणि अमेरिकी नमुन्यात न बसणारी नावे. मराठी वाचकाला हे सांगण्याची गरज नसावी. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदांची रचना पारपत्रावर एका प्रकारे, व्हिसावर दुसऱ्या प्रकारे आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर तिसऱ्या प्रकारे उतरते. पारपत्रावर एकच नाव असेल तर पहिले नाव अज्ञात असल्याची 'एफएनयू' ही अक्षरे अमेरिकी व्हिसावर कायमची चिकटतात. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांत शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणानंतरच्या प्रशिक्षण-काळातील २४ महिन्यांची वाढीव मुदत ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेल्या मालकाकडेच मिळते, त्यामुळे पुण्या-मुंबईहून गेलेल्या हजारो पदवीधरांसाठी ही प्रणाली ऐच्छिक कधी नव्हतीच.

विसंगती निघाल्यावर कामगाराला कामावरून काढू नये, त्याचे तास कमी करू नयेत, प्रशिक्षण थांबवू नये, असे नियम सांगतात, आणि नेमणुकीपूर्वी उमेदवारांना चाळण्यासाठी प्रणाली वापरण्यास मनाई आहे. हे नियम मोडले जातात, काही मालक कामगाराला नोटीस दाखवतच नाहीत, हेही सरकारी मूल्यमापनांतूनच पुढे आले आहे. ज्याला नोटीस मिळालीच नाही त्याचे आठ दिवस नकळत संपतात, आणि चुकीच्या अंतिम अपुष्टीविरुद्ध दाद मागण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण कायद्याने निर्माण केलेले नाही. चुकीची जबाबदारी नोंद ठेवणाऱ्या सरकारची, लाभ मालकाचा आणि धावपळ, रजा व बुडालेला पगार कामगाराचा, अशी ही वाटणी आहे. सरकारचे कामकाज निधीअभावी डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात ३५ दिवस ठप्प झाले तेव्हा ई-व्हेरिफायही बंद पडले; तोवर कोणाची विसंगती दूर करायची राहिली असेल तर ती तशीच अडकून राहिली.

बोटांचे ठसे घेऊन ओळख पटवली की सर्व दोष दूर होतील, असा शेवटचा तोडगा सुचवला जातो. त्यासाठी प्रत्येक अमेरिकी नागरिकाचे ठसे सरकारी भांडारात असावे लागतील, आणि स्थलांतरितांविरुद्ध सर्वाधिक कठोर असलेले लोकप्रतिनिधीच बहुधा या कल्पनेला सर्वाधिक विरोध करतील. शिवाय हाताने काम करणाऱ्यांचे ठसे झिजतात, हे 'आधार'च्या अनुभवातून महाराष्ट्रातल्या रेशन दुकानांत रांग लावणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.

मे २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाने २१९ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर केलेल्या सीमा-सुरक्षा विधेयकात देशव्यापी सक्तीची तरतूद होती आणि तिच्या अंमलासाठी सर्वांत लांब मुदत शेतीला, म्हणजे अनधिकृत मजुरांवर सर्वाधिक विसंबून असलेल्या व्यवसायाला, दिलेली होती. विधेयक सिनेटमध्ये पुढे गेले नाही. अशी सक्ती पुन्हा मांडताना तिच्या पुरस्कर्त्यांनी निदान तीन गोष्टी त्याच विधेयकात घालून दाखवाव्यात: कंत्राटदाराच्या आडून घेतलेल्या कामगाराची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारे कलम, हॉफमन निकालाचा परिणाम दूर करून बुडवलेल्या वेतनाची भरपाई प्रत्येक कामगाराला देणारे कलम, आणि चुकीच्या अपुष्टीने नोकरी गमावणाऱ्याला सरकारकडून नुकसानभरपाई देणारे कलम. या तिन्ही कलमांना नकार देऊन केवळ संगणकाची सक्ती मागणाऱ्यांना मालकांच्या कायदापालनाची चिंता आहे, हा दावा मान्य करता येत नाही.